सही मागण्याआधी आमच्याशी बोला: आयसीयूतल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना खुलं पत्र

डॉक्टर, सिस्टर आणि आयसीयूत रात्रंदिवस राबणारे सगळे,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र एका प्रश्नाबद्दल आहे. ‘पेशंटचं हृदय बंद पडलं तर सीपीआर द्यायचा का?’ म्हणजे छाती दाबून ते परत सुरू करायचा प्रयत्न करायचा का? तुम्ही विचारता, आम्ही हो किंवा नाही म्हणतो, फाइलमध्ये नोंद होते, कागदावर सही होते. वरवर पाहिलं तर सगळं रीतसर झालेलं असतं. पण तुम्ही एक विचारलेलं असतं आणि आम्हाला भलतंच ऐकू आलेलं असतं. त्या गोंधळात आम्ही जे उत्तर देतो, त्याप्रमाणे आतल्या खाटेवरच्या आमच्या माणसाचं पुढचं सगळं ठरतं.

वडिलांच्या शेवटच्या आजारपणात मी आयसीयूबाहेर बसले. पुढे नात्यातल्या, ओळखीतल्या इतर कुटुंबांसोबतही बसत आले. मी डॉक्टर नाही. बाहेरच्या बाकावरून जे दिसलं आणि नंतर वाचून, विचारून जे कळलं, ते तुमच्यासमोर ठेवते आहे. माझं मागणं एकच आहे. सही मागण्याआधी आम्हाला कळेल असं बोला, आणि बोलून झाल्यावर निर्णयाचं सगळं ओझं आमच्या डोक्यावर ठेवून निघून जाऊ नका.

आधी आम्हाला काय ऐकू येतं ते सांगते. वडिलांच्या वेळी एक तरुण डॉक्टर दाराशी आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, ‘हार्ट थांबलं तर काय करायचं ते ठरवा. सीपीआर, शॉक, व्हेंटिलेटर, सगळं करायचं का? इथे सही लागेल.’ माझा भाऊ म्हणाला, ‘सगळं करा, डॉक्टर.’ दुसरं काय म्हणणार होता तो? त्याच्या कानावर पडलेला प्रश्न असा होता: बाबांना वाचवू की मरू देऊ? अशा प्रश्नाला कुठल्याही मुलाचं उत्तर ठरलेलं असतं. वडिलांच्या आजाराचं काय चाललंय, हृदय थांबण्याची भीती का वाटतेय, थांबलं तर ते परत सुरू होण्याची आशा कितपत आहे, यातलं काहीच त्या बोलण्यात नव्हतं. त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. त्यांना अजून बऱ्याच खाटांकडे जायचं होतं, आणि हे बोलायचं कसं ते त्यांना बहुधा कुणी शिकवलंच नव्हतं.

सीपीआरबद्दल आमच्या मनात जे चित्र असतं, ते पडद्यावरून आलेलं असतं. छातीवर दोन-चार दाब, एक शॉक, आणि माणूस डोळे उघडतो. १९९६ साली अमेरिकेतल्या तिघा डॉक्टरांनी तीन दूरचित्रवाणी मालिकांचे ९७ भाग पाहून याचा हिशेब मांडला होता. त्यांत ६० वेळा सीपीआर दाखवला होता. ७५ टक्के प्रसंगांत माणूस त्या वेळी वाचला, आणि ६७ टक्के पेशंट बरे होऊन घरी गेले असावेत असं दिसत होतं. पडद्यावरचे पेशंट बहुतेक लहान मुलं, तरुण, अपघातात सापडलेले. तुमच्या आयसीयूतला पेशंट बहुधा तसा नसतो. पण आम्ही ते आकडे नकळत मनात साठवलेले असतात. अमेरिकेतल्याच एका आयसीयूत पेशंटना आणि त्यांच्या नातेवाइकांना विचारलं गेलं, की रुग्णालयात हृदय थांबल्यावर सीपीआर दिला तर किती जण वाचत असतील? त्यांच्या अंदाजांची सरासरी ७० टक्क्यांच्या पुढे गेली.

एका अर्थी हा आकडा पूर्वी खराही होता. १९६० साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या कौवेनहोव्हन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता बाहेरून दाब देऊन हृदय चालवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यांच्या पहिल्या २० पेशंटपैकी १४ वाचले होते. पण ते कोण होते ते पाहायला हवं. त्यांतल्या बऱ्याच जणांचं हृदय शस्त्रक्रियेच्या किंवा भुलेच्या वेळी अचानक थांबलं होतं. शरीर एरवी तगून होतं, हृदय तेवढं अडखळलं होतं. ते पुन्हा चालू झालं की माणूस परत येत होता. तिथून ही पद्धत हळूहळू रुग्णालयात मरणाऱ्या प्रत्येकापर्यंत पोचली. १९७४ साली अमेरिकेत सीपीआरचे जे मानदंड प्रसिद्ध झाले, त्यांतच स्पष्ट म्हटलं होतं की सीपीआर हा अचानक, अनपेक्षित मृत्यू टाळण्यासाठी आहे. बरा न होणारा आजार शेवटाला आला असेल आणि मृत्यू अपेक्षितच असेल, तर तो द्यायचा नसतो. हृदय थांबल्यामुळे येणारं मरण वेगळं, आणि मरण आल्यामुळे हृदय थांबणं वेगळं. हा फरक तुम्हाला रोज दिसतो. आम्हाला तो कुणी सांगितलेलाच नसतो. सांगितला, तर पुढचं निम्मं बोलणं सोपं होईल असं मला मनापासून वाटतं.

मग सीपीआर म्हणजे नक्की काय, तेही सांगा. कठोर वाटेल म्हणून टाळू नका. मोठ्या माणसाच्या छातीच्या मधोमध पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा लागतो, मिनिटाला १०० ते १२० वेळा. त्यात बरगड्या मोडतात, विशेषतः म्हाताऱ्या माणसांच्या. घशातून श्वासनलिकेत नळी जाते. दर तीन ते पाच मिनिटांनी अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन दिलं जातं. शॉकबद्दल आमचा सगळ्यांत मोठा गैरसमज असतो. मॉनिटरवरची रेघ सरळ झाली की शॉक द्यायचा, असं पडद्यावर दिसतं. प्रत्यक्षात सरळ रेघेवर शॉकचा काहीच उपयोग नसतो. हृदय थरथरत असेल किंवा फार वेगाने पण निष्फळ धडपडत असेल, तेव्हाच शॉक लागू पडतो. आणि रुग्णालयात आधीच आजारी असलेल्या माणसाचं हृदय थांबतं तेव्हा बहुतेक वेळा ही स्थिती नसते. हे सांगायला दोन मिनिटं पुरतात. मला ते कळलं वडील गेल्यानंतर, एका ओळखीच्या भूलतज्ज्ञांकडून.

हृदय परत सुरू झालं तरी गोष्ट तिथे संपत नाही, हेही सांगा. आमच्या डोक्यात ‘वाचले’ म्हणजे पूर्वीसारखे उठून बसले. तुमच्या भाषेत त्याचा अर्थ नाडी परत लागली एवढाच असू शकतो. त्यानंतर माणूस बहुधा व्हेंटिलेटरवर, बेशुद्धच असतो. मेंदूला रक्त न मिळाल्याने किती इजा झाली हे कळायलाही निदान तीन दिवस थांबावं लागतं. काही जण त्यातून चांगले बाहेर येतात. बरेच जण नाडी परत येऊनही रुग्णालयातून बाहेर पडत नाहीत.

आता आकड्यांबद्दल. आकडे सांगायला तुम्ही कचरता. आम्ही घाबरू, किंवा उद्या चुकलात तर बोलू, असं वाटत असावं. पण आकडा कळला की माणसं खरोखर विचार करतात. १९९४ साली साठीच्या पुढच्या २८७ जणांना विचारलं गेलं: अचानक आजारी पडलात आणि हृदय थांबलं तर सीपीआर हवा का? आधी ४१ टक्के हो म्हणाले. वाचण्याची खरी शक्यता सांगितल्यावर हो म्हणणारे २२ टक्के राहिले. आयुष्य वर्षभराच्या आतच उरलं आहे असा दीर्घ आजार कल्पून विचारलं, तेव्हा तर ११ टक्क्यांचे ५ टक्के झाले. हे मी सगळ्यांनी ‘नको’ म्हणावं म्हणून सांगत नाही. जे २२ टक्के हो म्हणाले त्यांचं ‘हो’ मला जास्त मोलाचं वाटतं, कारण ते समजून म्हटलेलं आहे. कळल्यानंतरही एखादी बाई म्हणाली, ‘एक टक्का आशा असेल तरी प्रयत्न करा, माझ्या मुलीचं लग्न मला बघायचंय’, तर तिचं म्हणणं शिरसावंद्य मानायला हवं.

आकडाही त्या माणसाचा हवा. रुग्णालयात हृदय थांबलेल्या सगळ्यांची सरासरी सांगून भागत नाही. अमेरिकेतल्या आयसीयूंमध्ये सीपीआर दिलेल्या जवळपास ५० हजार पेशंटच्या नोंदी २०१० साली तपासल्या गेल्या. एकूण १५.९ टक्के जण रुग्णालयातून जिवंत बाहेर पडले होते. पण रक्तदाब टिकवण्यासाठी ज्यांना आधीच औषधाचं ड्रिप चालू होतं, त्यांच्यात हे प्रमाण ९.३ टक्के होतं, आणि ज्यांना ते नव्हतं त्यांच्यात २१.२ टक्के. म्हणजे ज्या माणसाला आधीच सगळा आधार लावलेला आहे, त्याचं हृदय त्या आधारानिशी थांबलं, तर सीपीआरला फारसं काही करायला उरत नाही. हे मॉनिटरशेजारी उभं राहून सांगितलं तर आम्हालाही कळेल. ‘या बाटलीतलं औषध त्यांचं बीपी धरून आहे. ते कालपासून चौपट वाढवावं लागलंय. तरीही हृदय थांबलं, तर दाबून ते परत सुरू होईल असं मला वाटत नाही.’ असं वाक्य मी एकदाच ऐकलं, एका मैत्रिणीच्या आईच्या वेळी. ती रडली. पण तिला कळलं होतं.

आणखी एक गोष्ट तुम्हाला अनुभवाने माहीत असेल. वाईट आकडा आमच्या कानात शिरतानाच गोड होतो. २०१२ साली आयसीयूतल्या पेशंटच्या ८० नातेवाइकांना वेगवेगळी वाक्यं देऊन त्यांचा अर्थ विचारला गेला. ‘वाचण्याची शक्यता ९० टक्के’ हे त्यांनी बरोबर लावलं. ‘वाचण्याची शक्यता ५ टक्के’ याचा अर्थ मात्र त्यांनी पाचापेक्षा जास्त लावला. का, ते विचारल्यावर कुणी म्हणालं आशा धरणं हे माझं काम आहे, कुणी म्हणालं आमचं माणूस चिवट आहे, डॉक्टरांना ते माहीत नाही. यात अडाणीपणा नाही. हे शिकलेल्यांचंही होतं, आणि उद्या तुमचे स्वतःचे वडील आत असले तर तुमचंही होईल. म्हणून आकडा सांगून थांबू नका. ‘मी आत्ता काय सांगितलं, ते तुमच्या शब्दांत सांगाल का?’ असं विचारा. आणि सरळ म्हणा, ‘मला भीती वाटते की ते यातून वाचणार नाहीत.’ हे वाक्य आम्ही टक्क्यांपेक्षा लवकर समजतो.

आता ज्या भीतीपोटी आम्ही ‘सगळं करा’ म्हणतो तिच्याबद्दल. सीपीआर नको म्हटलं की उपचार बंद होतील, सिस्टर खाटेकडे फिरकणार नाहीत, डॉक्टर राउंडला दोन मिनिटं कमी थांबतील, अशी आमची समजूत असते. काही वेळा ती खरी ठरते, हे तुम्हालाही नाकारता येणार नाही. सीपीआर नको ही नोंद फक्त एकाच गोष्टीबद्दल असते: हृदय आणि श्वास थांबल्यानंतर ते परत सुरू करण्याचा प्रयत्न. अँटिबायोटिक, ऑक्सिजन, डायलिसिस, वेदना आणि घुसमट कमी करणारी औषधं, अंग पुसणं, कूस बदलणं, यातलं काहीही त्या नोंदीमुळे आपोआप थांबत नाही आणि थांबूही नये. ज्याच्या फाइलवर ही नोंद आहे असा माणूस न्यूमोनियातून बरा होऊन घरी जाऊ शकतो. हे आम्हाला त्याच क्षणी, त्याच दमात सांगा. ‘नको’चा कागद पुढे करण्याआधी आपण काय काय करत राहणार आहोत याची यादी तोंडी सांगा, आणि मग सिस्टर, तुम्ही संध्याकाळी त्यातलं एक काम आमच्यासमोर करा. कुठल्याही समजावण्यापेक्षा आमचा त्यावर जास्त विश्वास बसेल.

संशयाचंही बोलून टाकू. खाट रिकामी हवी आहे, खर्च वाचवायचा आहे, म्हातारं माणूस आहे म्हणून सोडून दिलं, असं बाहेरच्या बाकांवर रोज बोललं जातं. तुम्हाला ते अन्यायाचं वाटेल. पण या संशयाला आधार नाही असंही नाही. कोविडच्या काळात इंग्लंडमध्ये काही ठिकाणी वृद्धांच्या, अपंगांच्या कागदांवर त्यांना किंवा घरच्यांना न विचारता सीपीआर नको अशी सरसकट नोंद झाल्याच्या तक्रारी आल्या. तिथल्या आरोग्यसेवांवर देखरेख ठेवणाऱ्या केअर क्वालिटी कमिशनने २०२१ साली त्याबद्दल अहवाल देऊन चिंता व्यक्त केली. त्याआधी, २०१४ साली, तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं होतं की अशी नोंद करण्याआधी पेशंटशी बोललंच पाहिजे. बोलल्याने त्याला नुसता त्रास होईल, एवढ्या कारणावरून ते टाळता येणार नाही. कायदा देशागणिक वेगळा असतो. पण न बोलता केलेली नोंद, वैद्यकीयदृष्ट्या कितीही बरोबर असली, तरी घरच्यांच्या मनात कायमची सलत राहते. हे कुठेही खरं आहे.

पेशंटशी बोला, हे मी मुद्दाम लिहिते आहे. आयसीयूत पेशंट बहुतेक वेळा बोलण्याच्या स्थितीत नसतो म्हणून तुम्ही आमच्याकडे येता. पण तिथे येण्याआधी, वॉर्डात, ओपीडीत, त्याला दम लागत होता पण बोलता येत होतं तेव्हा, कुणी विचारलं होतं का? १९९५ साली अमेरिकेतल्या पाच मोठ्या रुग्णालयांत गंभीर आजारी पेशंटवर केलेला सपोर्ट नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या पेशंटना सीपीआर नको होता, त्यांची ही इच्छा त्यांच्या डॉक्टरांपैकी फक्त ४७ टक्क्यांना माहीत होती. माझे वडील आयसीयूत जाण्याआधी वॉर्डात चांगलं बोलत होते. पेपर वाचत होते, सिस्टरांना सल्ले देत होते. त्यांना कुणीही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी उत्तर दिलं असतं. ते स्पष्ट बोलणारे होते.

आणि आम्ही त्यांच्या वतीने बोलतो ते कितपत बरोबर असतं? २००६ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. जवळच्या माणसांनी पेशंटची इच्छा ६८ टक्के वेळा बरोबर ओळखली. म्हणजे तीनातल्या जवळपास एका वेळी आम्ही चुकतो, आणि चुकतो तेव्हा पूर्ण प्रेमाने चुकतो. म्हणून ‘तुम्हाला काय हवंय?’ असं विचारू नका. आम्हाला काय हवंय ते उघड आहे, आम्हाला ते परत हवेत. ‘ते आत्ता इथे बसून सगळं ऐकत असते तर काय म्हणाले असते?’ असं विचारा. ‘त्यांना कशात जीव होता? कुठली अवस्था त्यांना जगण्यासारखी वाटली नसती?’ असं विचारा. या प्रश्नांनी आमच्यातले भांडणारे भाऊही एका बाजूला येतात, हे मी पाहिलं आहे. कारण मग उत्तर कुणा एकाचं राहत नाही, ते आत झोपलेल्या माणसाचं होतं.

या पत्रातलं माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं आता लिहिते. निर्णय आमच्याकडून घेतल्यावर आमचं काय होतं ते तुम्हाला दिसत नाही. फ्रान्समधल्या आयसीयूंतल्या पेशंटच्या नातेवाइकांना तीन महिन्यांनी गाठून २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी ३३ टक्क्यांमध्ये मोठ्या आघातानंतर दिसणारी मानसिक लक्षणं होती. ज्यांना माहिती अपुरी मिळाली असं वाटत होतं, त्यांच्यात ४८ टक्के. ज्यांनी शेवटच्या टप्प्यातल्या निर्णयात भाग घेतला, त्यांच्यात ८१.८ टक्के. म्हणून आम्हाला निर्णयातून वगळावं असा याचा अर्थ मी काढत नाही. वगळलं तर वेगळी जखम होते. मला यातून एवढंच दिसतं की ‘निर्णय तुमचा’ असं म्हणून हात झटकणं म्हणजे आदर नव्हे. माझा भाऊ आजही रात्री उठून बसतो. बाबांच्या छातीवर दाब दिले ते आपल्या सहीने, असं त्याला वाटतं. त्याने ‘नको’ म्हटलं असतं, तर बाबांना आपण मारलं असं वाटलं असतं. त्या कागदावर त्याच्यासाठी सुटकेची जागाच नव्हती.

ती तुम्ही देऊ शकता. ‘आमचा सल्ला असा आहे’ हे वाक्य बोला. मात्र आधी विचारून बोला. २००९ साली १६९ नातेवाइकांना दोन चित्रफिती दाखवल्या गेल्या, एकीत डॉक्टर उपचार मर्यादित ठेवण्याबाबत स्वतःचं मत सांगतात, दुसरीत सांगत नाहीत. ५६ टक्क्यांना सल्ला देणारे डॉक्टर बरे वाटले, ४२ टक्क्यांना न देणारे. म्हणजे सगळ्यांना एकच माप लावता येणार नाही. ‘मला काय योग्य वाटतं ते सांगू का?’ एवढं विचारलं की झालं. आम्ही हो म्हटलं तर मग पुरतं सांगा: ‘तुम्ही त्यांच्याबद्दल जे सांगितलंत त्यावरून, आणि आजाराची जी अवस्था आहे त्यावरून, हृदय थांबलं तर छातीवर दाब देऊ नयेत असं आम्हाला वाटतं. त्यांना त्रास होऊ देणार नाही. तुम्ही याला हरकत घेणार नसाल तर आम्ही तशी नोंद करतो.’ इथे आम्हाला मरणाच्या हुकमावर सही करायची नाही. तुम्ही जाणकार म्हणून ठरवलंत, आम्ही त्या माणसाची ओळख दिली. मग ते ओझं दोघांनी उचललेलं असतं.

हॉटेलातल्या मेन्यूसारखी यादी पुढे करू नका. ‘शॉक चालेल, दाब नको. औषध चालेल, नळी नको.’ असे अर्धे तुकडे निवडायला लावलं की आम्ही कमी क्रूर वाटेल ते निवडतो, आणि दाबांशिवाय दिलेलं औषध हृदयापर्यंत पोचतच नाही हे आम्हाला ठाऊक नसतं. श्वास कमी पडतोय म्हणून काही दिवसांसाठी व्हेंटिलेटर लावणं आणि हृदय थांबल्यावर नळी घालणं हे दोन वेगळे प्रसंग आहेत, तेवढे मात्र वेगळे सांगा. पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नको म्हणणं पूर्ण शहाणपणाचं असू शकतं.

ठरवता येत नसेल तेव्हा मुदत घालून द्या. ‘तीन दिवस सगळे उपचार पूर्ण ताकदीने करू. किडनी, बीपी, ऑक्सिजन यांत सुधारणा दिसते का ते पाहू. मग याच वेळी, इथेच पुन्हा बसू.’ यात आमची आशा जिवंत राहते आणि तिला एक तारीखही मिळते. चमत्काराची वाट पाहणाऱ्या घरांशी वाद घालू नका. ‘मीही तशी आशा करतो. पण ती फळली नाही तर काय करायचं, तेही आज बोलून ठेवू’ असं म्हटलं तर कुणाचीच श्रद्धा दुखावत नाही. आणि प्रकृती बदलली की नोंद पुन्हा उघडा. पहिल्या दिवशी दिलेलं ‘हो’ दहाव्या दिवशी वेगळ्याच माणसाबद्दल असू शकतं. उलटही घडतं. सुधारणा झाली तर ‘नको’ची नोंद काढूनही टाकता येते, हे फार कमी नातेवाइकांना माहीत असतं.

वेळ नाही, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण अमेरिकेतल्या अशा ५१ कौटुंबिक बैठका ध्वनिमुद्रित करून पाहिल्या, तेव्हा ७१ टक्के वेळ डॉक्टरच बोलत होते आणि घरचे २९ टक्के. त्याच अभ्यासात दिसलं की घरच्यांना जितकं जास्त बोलायला मिळालं तितकं त्यांचं समाधान जास्त होतं. फ्रान्समध्ये २२ आयसीयूंमध्ये वेगळी रीत करून पाहिली गेली. मरणाच्या वाटेवर असलेल्या पेशंटच्या घरच्यांना एक छोटी पुस्तिका दिली, आणि बैठकीत त्यांचं ऐकून घेण्यावर भर दिला. बैठक २० मिनिटांऐवजी साधारण ३० मिनिटांची झाली. घरचे ५ मिनिटांऐवजी १४ मिनिटं बोलले. तीन महिन्यांनी आघाताची लक्षणं असलेल्यांचं प्रमाण ६९ टक्क्यांऐवजी ४५ टक्के होतं. २००७ साली हे प्रसिद्ध झालं. १० मिनिटं जास्त, एवढाच फरक. पुस्तिका असो, मोबाइलवरची चित्रफीत असो, ती जरूर द्या. रात्री घरी गेल्यावर आम्ही ती पुन्हा पाहू. पण ती देऊन बोलणं संपलं असं समजू नका.

इथे रुग्णालय चालवणाऱ्यांनाही एक वाक्य. बसायला दार लावता येणारी एक खोली, चार खुर्च्या आणि पाणी, एवढं तरी प्रत्येक आयसीयूशेजारी करा. जिन्यात उभं राहून असं बोलणं होत नाही. आणि त्या तरुण डॉक्टरांना एकट्याने पाठवू नका. सोबत ज्येष्ठ कुणीतरी असू द्या, आणि रात्रपाळीची सिस्टरही असू द्या, कारण आमच्या माणसाला शेवटची तहान कधी लागली होती ते तिलाच माहीत असतं.

शेवटचं मागणं दाराबद्दल. सगळं समजून आम्ही ‘हो’ म्हटलं आणि सीपीआर सुरू झाला, तर आम्हाला दाराबाहेर ढकलू नका. आत यायचंय का, एवढं विचारा. २०१३ साली फ्रान्समध्ये घरी हृदय थांबलेल्या पेशंटच्या ५७० नातेवाइकांवर झालेल्या अभ्यासात, ज्यांना सीपीआर पाहण्याची मुभा दिली गेली होती त्यांच्यात नंतर आघाताची लक्षणं कमी आढळली. डॉक्टरांच्या कामात अडथळा आला नाही आणि वाचण्याच्या प्रमाणातही फरक पडला नाही. शेजारी एक सिस्टर उभी करा, जी हळू आवाजात काय चाललंय ते सांगेल. कुणाला पाहवणार नाही, त्यांनी बाहेर थांबावं. माझ्या भावाला आत जाऊ दिलं असतं, तर काय केलं गेलं ते त्याने डोळ्यांनी पाहिलं असतं आणि त्याचा हात बाबांच्या पायावर असता. तेव्हा तुमच्या आयसीयूत हा नियम बदलता येतो का ते या महिन्याच्या बैठकीत विचारा, आणि कागद जुनाच वापरत असाल तर तोही त्याच बैठकीत पुढे काढा.

आपली,
आयसीयूबाहेर बसलेली एक मुलगी